सगळं हिरवंच आहे, सर!

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा... पुण्यात जिकडे बघाल तिकडे काचेच्या इमारती. तुमच्यापैकी बहुतेक जण आठवड्यातले चार-पाच दिवस अशाच एखाद्या इमारतीच्या पोटात काढत असणार. त्या इमारतीला स्वतःची एक मज्जासंस्था असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. एसी किती थंड करायचा, दिवे कधी मालवायचे, टाकीत पाणी किती उरलंय, बेसमेंटमधला गाड्यांचा धूर ओढणारे पंखे कधी पळवायचे, हे सगळं एका नेटवर्कवरून चालतं. त्याला बीएमएस म्हणतात, म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. तळात कुठेतरी एक कोंदट खोली, त्यात एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर बारा तासांच्या पाळीवर बसलेला एक मुलगा. स्क्रीनवर इमारतीचं चित्र आणि चित्रावर हिरवे ठिपके.

आज मला त्या हिरव्या ठिपक्यांशी भांडायचं आहे.

माझी रोजीरोटी याच धंद्यात आहे. इमारतींच्या कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे पुढे जे आहे ते घरचीच लक्तरं वेशीवर टांगणं म्हणा हवं तर. माझं म्हणणं असं: आपण इमारतींमध्ये ‘मॉनिटरिंग’ म्हणून जे विकतो, त्यात गप्प झालेलं यंत्र ठणठणीत समजलं जातं. आणि जोवर हे असंच आहे, तोवर ‘एक गेला तर दुसरा हजर’ या हिशोबाने दुसरा राउटर विकत घेणं म्हणजे निव्वळ पैशाचा चुराडा.

आता थोडं तांत्रिक. पळू नका, लवकर आटपतो.

ऑफिसमधला तुमचा लॅपटॉप ज्या नेटवर्कवर असतो, त्यावर तुमच्या डोक्यावरच्या छतातला एसीचा डँपर नसतो. तो आणि त्याचे भाऊबंद एका साध्या दोन तारांच्या केबलवर बसलेले असतात, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दिवाळीतल्या दिव्यांच्या माळेसारखे. भाषा बहुतेक ठिकाणी बॅकनेट. अ‍ॅश्रे या अमेरिकन संस्थेने १९९५ साली तिचं मानक प्रसिद्ध केलं. या माळेवर ज्याच्या हातात ‘टोकन’ आहे त्यानेच बोलायचं, आणि वेग बहुतेक वेळा सेकंदाला ३८,४०० किंवा ७६,८०० बिट. सायबर कॅफेत डायल-अपची शिट्टी ऐकलेल्यांना गहिवरून येईल. ही माळ एका टोकाला आणि इमारतीचं नेहमीचं इथरनेट दुसऱ्या टोकाला. मधे तळहाताएवढा एक डबा. हाच आपला राउटर. तो इलेक्ट्रिकल डक्टमधल्या एका पॅनेलात असतो आणि त्या डक्टची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं. एका डब्यामागे तीस-चाळीस यंत्रं, म्हणजे जवळजवळ एक अख्खा मजला.

हा डबा मेला तर काय होतं? गंमत अशी की लगेच काहीच होत नाही. प्रत्येक कंट्रोलरला स्वतःचं छोटं डोकं असतं, तो आपलं काम करत राहतो. ही बॅकनेटवाल्यांची खरोखर चांगली कल्पना आहे. पण सापळाही तिथेच आहे. कारण माळ एवढी हळू, तिच्यावर गर्दी नको, म्हणून यंत्रांना सांगून ठेवलेलं असतं की ‘आकडा बदलला तरच कळव’. खोलीचं तापमान दोन तास २४ अंशांवर स्थिर असेल तर निरोप येत नाही. आणि राउटर मेलेला असेल तरी निरोप येत नाही! स्क्रीनपुढच्या माणसाला या दोन गोष्टींत फरक दिसायला हवा की नको?

मानकात यावर उपाय नाहीत असं नाही, बरं का. ‘बदललं तर कळव’ ही वर्गणी मुदतीची ठेवता येते, मुदत संपली की पुन्हा नोंदवावी लागते. ‘अमुक नेटवर्ककडे जायचा रस्ता कुणाकडे आहे?’ असा प्रश्न नेटवर्कवर ओरडून विचारायची सोय आहे. आकड्याबरोबर ‘यावर विश्वास ठेवू नका’ असा झेंडाही पाठवता येतो. सगळं आहे. फक्त ते कुणीतरी बसून, एकेका बिंदूसाठी, चालू करावं लागतं. आणि इमारत ताब्यात द्यायच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा लॉबीतल्या मार्बलला पॉलिश चालू असतं आणि उद्घाटनाच्या पत्रिका छापून झालेल्या असतात, तेव्हा हे करायला वेळ कुणाकडे असतो?

आता एक खरी गोष्ट सांगतो. इमारतीचं नाव सांगणार नाही, कंपनीचंही नाही. पुण्यातलीच आहे, एवढं पुरे.

दोन मजली बेसमेंट, गाड्यांनी भरलेलं. तिथे कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर आणि धूर ओढणारे मोठे पंखे. सेन्सर एका माळेवर, पंख्यांचं पॅनेल दुसऱ्या माळेवर, आणि मधे अर्थातच आपला डबा. (एका खोलीतल्या सेन्सरचा आकडा त्याच खोलीतल्या पंख्याला कळावा म्हणून तो इमारतभर फिरवून आणायचा, हे डिझाइन ज्याने केलं त्याला साष्टांग नमस्कार.) सेन्सरने २५ पीपीएमच्या वर आकडा दाखवला की पंखे पूर्ण वेगात, नाहीतर वीज वाचवायला संथ. एके दिवशी डब्याचा चोवीस व्होल्टचा पुरवठा गेला. त्या क्षणी सेन्सर म्हणत होता ९. पंख्यांच्या पॅनेलने तो ९ धरून ठेवला. स्क्रीननेही धरून ठेवला. हिरव्या रंगात.

नऊ दिवस!

खालच्या बेसमेंटला एक सिक्युरिटीवाले काका असायचे, साठीच्या जवळचे. दुचाकीच्या पार्किंगजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बारा तास. चौथ्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखायला लागलं. सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझरने बीएमएस रूमला फोन केला. तिथल्या मुलाने स्क्रीन बघितली आणि सांगितलं, ‘सगळं हिरवंच आहे, सर.’ काकांना सल्ला मिळाला, चहा कमी प्या. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. वरच्या मजल्यावरचे आपण तिथे सकाळी पाच मिनिटं आणि संध्याकाळी पाच मिनिटं असतो. काका बारा तास असायचे.

शेवटी एका इलेक्ट्रिशियनला राहवलं नाही. त्याने कुठून तरी हातात धरायचं मीटर आणलं. संध्याकाळी सहाला, गाड्या बाहेर पडायच्या वेळी, आकडा ६०च्या पुढे. त्याने कुणाला न विचारता पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वरून ‘हँड’वर टाकला आणि पंखे सुरू केले. त्या इमारतीतलं त्या आठवड्यातलं एकमेव शहाणपणाचं काम. काका नंतर बरे झाले, त्यांची ड्यूटी वर गेटवर लावली.

आम्हाला बोलावलं ते यानंतर. मी तो आलेख काढून बघितला: नऊ दिवस पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ. रोज शेकडो गाड्या येतायत, जातायत, आणि हवा ढिम्म हलत नाही! हे कॉम्प्युटरला कळू नये? चार ओळींचा प्रोग्रॅम आहे तो.

आणि चौकशी अहवालात काय आलं असेल? ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. तो मुलगा लातूरकडचा, आयटीआय झालेला, कंत्राटदाराच्या पगारावर. त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. त्याच्या स्क्रीनवर १,४०० आकडे होते. त्यातला कुठला जिवंत आणि कुठला नऊ दिवसांपूर्वी मेलेला, हे त्याने काय कुंडली मांडून ओळखायचं? मी त्या मीटिंगमध्ये हेच विचारलं. उत्तर आलं, ‘पण सिस्टिम तर व्यवस्थित चालू होती!’

याचा मला राग आहे. राउटर बंद पडल्याचा नाही. चोवीस व्होल्टचे सप्लाय बंद पडणारच, पुण्यातली वीज आणि पावसाळा बघता त्यांनी आणखी काय करावं? राग आहे तो यंत्राने खोटं बोलायचं आणि भोगायचं स्क्रीनपुढच्या माणसाने, याचा.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे का हे? अहो, दीडशे वर्षं जुनं आहे. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १८७२ साली रेल्वेचं ट्रॅक सर्किट काढलं. रुळांतून सतत थोडा वीजप्रवाह सोडायचा. तो पलीकडे पोचतोय तोवरच सिग्नल हिरवा. गाडी आली की प्रवाह पलीकडे पोचत नाही, सिग्नल लाल. पण तार तुटली तरी लाल, बॅटरी मेली तरी लाल. म्हणजे हिरवा दिवा हा दर क्षणी कमवावा लागतो, फुकट मिळत नाही. पुण्याहून मुंबईला जाताना तुम्ही ज्या भरवशावर डुलकी काढता, त्याच्या मुळाशी हे तत्त्व आहे.

रेल्वे कशाला, त्याच इमारतीतली फायर अलार्मची वायर बघा. साध्या पॅनेलमध्ये वायरच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर असतो, रुपया-दोन रुपयांचा. त्यातून सतत बारीक प्रवाह वाहतो. उंदराने वायर कुरतडली की प्रवाह थांबतो आणि पॅनेलवर पिवळा दिवा लागून बझर वाजतो. आग नाही, पण ‘मला आता आग दिसणार नाही’ असं ते पॅनेल स्वतःहून सांगतं. त्याच डक्टमध्ये, हातभर अंतरावर, कितीतरी महाग असलेला आमचा राउटर मेलेला असतो आणि स्क्रीन म्हणते सगळं कुशल.

असो. आता दुसऱ्या राउटरकडे वळू, कारण अशा प्रत्येक प्रकारानंतर कुणीतरी कन्सल्टंट टेंडरमध्ये एक ओळ घालतो: ‘राउटर रिडंडंट असावेत’. ऐकायला छान वाटतं. आयपीच्या जगात हे खरंच छान जमलेलं आहे. १९९८ सालचा व्हीआरआरपी बघा. दोन राउटर मिळून एकच पत्ता मिरवतात. मुख्य राउटर दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणतो. साधारण तीन सेकंद आवाज आला नाही की दुसरा खुर्ची ताब्यात घेतो. लक्षात आलं ना? इथेही तेच तत्त्व: गप्प म्हणजे मेला.

बॅकनेटमध्ये हे असं सहज होत नाही. कुठल्याही दोन यंत्रांमध्ये एकच रस्ता असला पाहिजे, असा तिथे नियम आहे. एकाच माळेला कुणी हौसेने दोन राउटर समांतर जोडले तर तेच निरोप एका दाराने आत आणि दुसऱ्या दाराने बाहेर, गोल गोल फिरत राहतात, आणि आधीच मंद असलेली माळ पार बसते. म्हणजे दुसऱ्याने शांत बसून पहिल्यावर लक्ष ठेवायचं आणि तो गेला तरच उठायचं. काही कंपन्या असे जोडराउटर बनवतात, चांगले असतात. २०२०च्या आवृत्तीपासून मानकात आलेल्या बॅकनेट सिक्युअर कनेक्टमध्ये मुख्य हब आणि त्याचा बदली हब ही सोय मुळातच आहे. तेही चांगलं. पण तो हब आयपीच्या बाजूला. छतातली दोन तारांची माळ तशीच्या तशी लोंबतेय.

आणि आता गणित. समजा एक राउटर सरासरी ५ वर्षांनी बंद पडतो. (आकडा माझ्या सोयीचा आहे, तुम्ही तुमचा घाला.) दोन लावले, आणि एक गेल्याचं कळून तो २ दिवसांत बदलला जातो असं धरा. मग दोन्ही एकाच वेळी मेलेले सापडायला सरासरी सुमारे २,३०० वर्षं लागतात. सम्राट अशोकाच्या काळात बसवला असता तर आता कुठे तक्रार आली असती. हाच आकडा ब्रोशरमध्ये असतो. आता तेच दोन राउटर घ्या, पण पहिला गेल्याचं कुणाला कळतच नाही असं धरा. दोघांतला एक सरासरी अडीच वर्षांत जाणार, उरलेला त्यानंतर पाच वर्षांत. एकूण साडेसात वर्षं. २,३०० आणि साडेसात! राउटर तेच, कंपनी तीच, बिल तेच. फरक फक्त एवढाच की पहिला मेल्याचं कुणीतरी बघितलं की नाही.

तेही दोघांचं मरण एकमेकांशी संबंधित नाही असं धरून. प्रत्यक्षात मी काय बघितलंय? दोन राउटर, एकाच पॅनेलात, एकमेकांना खेटून, एकाच चोवीस व्होल्टच्या सप्लायवर. टेंडरमधली ओळ पूर्ण, तपासणीत बरोबरची खूण, फोटो काढून फाइलला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आणि धंद्यातल्या मित्रांना ते आवडत नाही: हॉस्पिटलचं आयसोलेशन किंवा डेटा सेंटर असेल तर जोडराउटर घ्या, वेगवेगळ्या यूपीएसवर, वेगवेगळ्या डक्टमध्ये, आणि दोघांवरही लक्ष ठेवा. बाकी नेहमीच्या ऑफिस इमारतीला दुसरा चालू राउटर नको. एक जादाचा राउटर घ्या, त्यात नेटवर्क नंबर, पत्ता, वेग सगळं आधीच भरून ठेवा, वर मोठ्या अक्षरांत लेबल लावा आणि कपाटात ठेवा. किल्ली बीएमएस रूमच्या खिळ्याला. आणि वाचलेल्या पैशांत पहिला मेल्याचं तीन मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करा.

ती कशी? पिंग करून नाही, हे आधी सांगतो. आयटीवाले मित्र लगेच म्हणतात, नागिओसमध्ये टाका, पिंग लावा. पिंगला उत्तर राउटरची इथरनेटची बाजू देते. माळेची बाजू तुटून पडली असली तरी ती हसतमुखाने उत्तर देत राहते. त्यापेक्षा प्रत्येक माळेच्या शेवटच्या टोकाच्या कंट्रोलरमध्ये एक आकडा ठेवा, दर मिनिटाला एकाने वाढणारा. तो राउटर ओलांडून पलीकडून वाचा. तीन मिनिटं वाढला नाही तर माळ मेली असं समजा: स्क्रीनवर त्या मजल्याचे सगळे ठिपके राखाडी, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं वय. ‘९ पीपीएम, ४ दिवसांपूर्वी’ असं लिहिलेलं असतं तर लातूरच्या त्या मुलाने फोनवर काय सांगितलं असतं? पंख्याच्या पॅनेललाही तोच आकडा वाचू द्या. थांबला की पंखे पूर्ण वेगात. वीज जाईल थोडी जास्त, जाऊ दे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, ‘अलार्म फार येतात हो, ऑपरेटर वैतागतात.’ हे खरं आहे. एक राउटर गेला की त्याच्यामागची चाळीस यंत्रं एकदम बोंब मारतात, आणि मग कुणीतरी वैतागून ‘यंत्र संपर्कात नाही’ हा अलार्मच कायमचा बंद करून टाकतं. मी बघितलेल्या निम्म्या साइटवर तो बंदच असतो. पण यावरचा उपायही जुनाच आहे. कोण कुणाच्या मागे आहे हे एकदा सांगून ठेवा. नागिओसमध्ये ‘पेरेंट’ म्हणून नेमकी हीच सोय आहे: वरचा गेला तर खालच्यांची बोंब दाबायची आणि वरच्याचं एकच नाव सांगायचं. चाळीसऐवजी एक अलार्म.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो. ‘एसीच तर आहे, काय मोठं बिघडणार?’ फिनलंडमधल्या लाप्पेनरांता गावात नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन रहिवासी इमारतींच्या कंट्रोलरवर इंटरनेटवरून खोट्या मागण्यांचा मारा झाला. कंट्रोलर पुन्हा पुन्हा रीबूट होत राहिले आणि हिटिंग बंद. बाहेर शून्याखाली तापमान. आणि ४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय का? फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सहा तास बंद होतं. देखभालीच्या एका कमांडने त्यांचा स्वतःचा बॅकबोन पडला, आणि दुरुस्तीची हत्यारंही त्याच नेटवर्कवर होती. कर्मचाऱ्यांची कार्डं दारावर चालेनात, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. जगातले भारी पगाराचे नेटवर्क इंजिनिअर ज्यांच्याकडे आहेत, त्यांची ही गत. तुमच्या इमारतीचं दार कुठल्या राउटरमागे आहे?

आमच्या एका ग्राहकाच्या साइटवर मी मागे लागून एक प्रयोग करायची परवानगी मिळवली. शनिवारची दुपार, रिकामा सहावा मजला, कुणाला काही धोका नाही. सव्वातीनला राउटरचा पुरवठा काढला आणि कँटीनमध्ये जाऊन बसलो, कुणाचा फोन येतो ते बघत. चार वाजले, साडेचार वाजले, दोन चहा झाले. साडेपाचला वर जाऊन मीच वायर परत लावली आणि फॅसिलिटी मॅनेजरना सांगितलं की सव्वादोन तास तुमचा सहावा मजला नेटवर्कवर नव्हता आणि स्क्रीनवर काहीही हललं नाही.

ते खूश होऊन म्हणाले, ‘म्हणजे टेस्ट पास ना?’